निळं फूल, भर ऊन, पाण्याची बोंब: बेळगावात काय टिकेल?

तिसरं_गेट (१९ मे, सकाळी ७.१०)

नमस्कार मंडळी. घराच्या दक्षिणेला कंपाउंडच्या भिंतीलगत अठरा फूट लांब, तीन फूट रुंद अशी पट्टी आहे. पाया खणताना निघालेला जांभ्याचा चुरा आणि मुरूम गवंड्यानं तिथंच पसरला, त्यावर नावाला लाल माती. सकाळी आठपासून पाचपर्यंत ऊन. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. ते आधी टाकीत, मग स्वयंपाकघरात. झाडांच्या वाट्याला भांडी विसळलेलं.

इथं मला निळ्या फुलांचं, एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहणारं काहीतरी पाहिजे. जास्वंद, झेंडू, कर्दळ करून लाल-पिवळ्याचा कंटाळा आलाय. लेक इंग्लंडात लीड्सला असते. तिच्या दारात एरिंजियम म्हणून काटेरी, पोलादी निळ्या रंगाचं झाड आहे. तिकडं त्याला सी होली म्हणतात. "बाबा, पाणी घालावंच लागत नाही, एकदम हार्डी," असं म्हणत दोन वर्षांमागं येताना बी घेऊन आली. तिच्या सांगण्यावरून ओल्या टिश्यूत गुंडाळून सहा आठवडे फ्रिजात ठेवलं. आमच्या हिनं दोनदा "हे कसलं बुरसलेलं जिरं" म्हणून टाकायला काढलं होतं, थोडक्यात वाचलं. नऊ रोपं आली. गेल्या वर्षीचा एप्रिल-मे त्यांनी मान न टाकता काढला. मी खूश. आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एकेक करून नऊच्या नऊ गेली. ओढून बघितलं तर बुडखा नुसता चिखलासारखा हातात आला.

हार्डी होती तर मेली का? आणि इथं टिकेल असं निळं काय आहे?

मृगकिडा (१९ मे, सकाळी ७.४२)

केना लावा काका. लावायला सुद्धा लागत नाही, पहिला पाऊस पडला की हजर. निळाशार. वर पानांची भजी होतात.

तिसरं_गेट (१९ मे, सकाळी ७.५५)

केना गेली चाळीस वर्षं उपटतोय. आता लावायचा म्हणजे पराभव मान्य करण्यासारखं झालं.

खानापुरी_पाऊस (१९ मे, सकाळी ९.३०)

तुमचं काही चुकलं नाही, त्या एका शब्दानं घात केला. तिकडच्या बागेच्या पुस्तकात 'हार्डी' म्हणजे थंडीत, हिमात बाहेर राहून न मरणारं. उन्हाचा, पावसाचा त्यात हिशेबच नाही. बेळगावात हिम कुठलं? आपली सगळ्यात कडक थंडी म्हणजे सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कानटोप्या.

इथल्या झाडाला दोन परीक्षा आहेत आणि त्या एकीला एक लागून येतात. आधी मार्च ते मे रखरख. मग जूनच्या मध्यापासून तीन महिने पाय सुकत नाहीत. एरिंजियमचं मूळ गाजरासारखं सोट, खोल जाणारं, म्हणून तुमच्या मेमध्ये ते निवांत होतं. तेच मूळ जुलैत कुजलं. तहान सोसणारी बरीच परदेशी झाडं अशीच जातात. लॅव्हेंडरचं तर ठरलेलंच. भूमध्य समुद्राकडचं झाड, तिथं पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. आपलं बरोबर उलटं. ऐन उकाड्यात पावसानं भिजत राहणं त्याला माहीतच नाही. आमच्या इथं तीनदा आणलं, तिन्ही वेळा गणपतीच्या आत विसर्जन.

तेव्हा 'कमी पाण्यावर जगणारं निळं' असं विचारू नका. 'वैशाख आणि आषाढ दोन्ही काढणारं निळं' असं विचारा. यादी एकदम लहान होते.

शहापूरची_सून (१९ मे, सकाळी ११.०५)

खानापुरी काकांच्या लहान यादीत पहिलं नाव माझ्याकडून: प्लंबॅगो. निळा चित्रक म्हणतात तो. आभाळाच्या फिकट निळ्या रंगाचे पाच पाकळ्यांचे झुपके. मूळ दक्षिण आफ्रिकेतला. आमच्या परड्यात सासूबाईंनी लावलेला आहे, मी लग्न होऊन आले तेव्हाही होता, त्याला यंदा एकवीस वर्षं झाली. उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली, कधी तीही नाही. पावसाळ्यात झोडपून निघतो, आडवा होतो, ऑगस्ट सरला की परत उभा.

आणि त्याची गंमत म्हणजे फुलाच्या खालच्या हिरव्या नळीवर बारीक चिकट केस असतात. फूल तोडून कानाच्या पाळीला लावलं की चिकटून बसतं. गल्लीतल्या पोरी शाळेला जाताना दोन्ही कानांत निळ्या कुड्या घालून जायच्या. एकदा एकीनं नाकालाही लावलं आणि बाईंनी वर्गाबाहेर काढलं.

कुंदा_आणि_कुंडी (१९ मे, दुपारी १२.२०)

मला विष्णुक्रांत जास्त आवडतं. नर्सरीत मिळतं ते ब्राझीलकडचं, इव्हॉल्व्ह्युलस, पसरणारं, फूलही जरा मोठं. आपल्या माळावरचं गावठी विष्णुक्रांत म्हणजे त्याची धाकटी बहीण, फूल शर्टाच्या बटणाएवढं. पानांवर राखाडी लव असते, त्यामुळं ऊन चांगलं सोसतं. काकांच्या पट्टीत भिंतीच्या कडेनं लोंबतं सोडलं तर गालिचा होईल. फक्त पाणी साचू द्यायचं नाही.

निपाणीकर (१९ मे, दुपारी १.१५)

विष्णुक्रांताबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही, मी सांगतो. मी सकाळी साडेआठला घर सोडतो, संध्याकाळी सातला परत. तीन वर्षं माझ्या गच्चीत विष्णुक्रांत आहे आणि फुललेलं मी फक्त रविवारी बघितलंय. दुपार कलली की मिटलं. ढग आले की उघडतच नाही. मला वाटायचं बायको थापा मारते, "आज शंभर फुलं होती" म्हणून.

तिसरं_गेट (१९ मे, दुपारी १.४०)

मी रिटायर आहे. माझ्यासाठीच फुलतंय म्हणायचं मग.

अथणीची_लेक (१९ मे, रात्री ९.५०)

जिल्हा एकच, खरं तुमचा पाऊस आणि आमचा पाऊस यात जमीन-अस्मानाचं अंतर. कणकुंबीला छत्री उलटी होते तेव्हा आम्ही अथणीत आभाळाकडं बघत बसतो. माती पण वेगळी. आमची काळी, चुनखडीची. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि एकदा भिजली की आठ-आठ दिवस ओल धरून बसते.

शहापूरच्या ताईंसारखाच निळा चित्रक मी लावला. मेला नाही, खरं सुखीही नाही. नवीन पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. चुनखडीमुळं लोह, मँगेनीज मुळांना उचलता येत नाही म्हणून तसं होतं. शेवटी दीड फूट उंच वरंबा केला, त्यात तांबडी माती, वाळू, विटांचे तुकडे घातले आणि वर बसवला. तेव्हा कुठं रंग आला. काळ्या मातीवाल्यांनी खड्डा करून लावू नका, वरंब्यावर लावा. खड्डा केला तर पावसाळ्यात त्याची विहीर होते.

आमच्याकडं कुठलाही खटाटोप न करता जे आलं ते गोकर्ण. कुंपणावर चढवलंय. बी कडक असतं, रात्रभर कोमट पाण्यात भिजवून टाकायचं. शेंगवर्गातलं, त्यामुळं खताचं बघायला लागत नाही. उन्हाळ्यात पानं गाळून काड्या होतो, मेलं म्हणून तोडायला जाऊ नका. पहिल्या वळवाला फुटतो.

मृगकिडा (१९ मे, रात्री १०.१५)

गोकर्णाचा निळा चहा पण होतो. लिंबू पिळलं की जांभळा-गुलाबी. पाहुण्यांना दाखवायला बरा, प्यायला गरम पाणीच.

चोर्ल्याचं_धुकं (२० मे, सकाळी ६.३०)

गोकर्णाबद्दल सावधान. आमच्या शेजारच्या शेळीला तो इतका आवडतो की कुंपणाच्या बाहेर गेलेली प्रत्येक वेल तिची. त्याच कुंपणावरचा प्लंबॅगो मात्र हुंगून सोडून देते.

बाकी निळं म्हणाल तर कारवी बघा, चोर्ल्याला, आंबोलीला डोंगरच्या डोंगर निळे-जांभळे होतात. बागेत लावायला हरकत नाही, सात वर्षांनी एकदा फुलेल. आणि फुलून मरेल.

निपाणीकर (२० मे, सकाळी ७.००)

म्हणजे काकांना फूल बघायला तिकीट काढून ठेवायला लागणार.

शहापूरची_सून (२० मे, सकाळी १०.१०)

छाटणीचं सांगायचं राहिलं. प्लंबॅगोला फूल येतं ते नवीन फुटव्यावर. जुनं लाकूड तसंच ठेवलं तर नुसता गचपण होतो आणि फुलं शेंड्याला चार. आम्ही होळी झाली की गुडघ्याएवढा ठेवून सगळा छाटतो.

निपाणीकर (२० मे, सकाळी १०.४५)

होळीला छाटायचं? ज्याच्याकडं विहीर आहे त्यानं. छाटलं की फुटवे येतात, कोवळ्या फुटव्याला पाणी लागतं, आणि नेमका त्याच वेळी आपल्याकडं टँकर. मी मेच्या शेवटी, एखादा वळीव झाला की छाटतो. फुटव्याला पावसाचं फुकट पाणी. फुलं दसऱ्यापासून थंडीभर.

शहापूरची_सून (२० मे, सकाळी ११.००)

आमची विहीर आहेच. आणि माझी फुलं गुढीपाडव्यानंतर महिन्याभरात सुरू होतात, तुमची दसऱ्याला. सहा महिने कोण बघतंय वाट!

खानापुरी_पाऊस (२० मे, सकाळी ११.३०)

दोघांचंही बरोबर, भांडण पाण्याचं आहे, कात्रीचं नाही. तिसरं गेट यांच्याकडं भांडी विसळलेलं पाणी आहे. त्यांनी निपाणीकरांचं ऐकावं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. प्लंबॅगोच्या पानाच्या खालच्या बाजूला पांढरी भुकटी दिसते. भुरी रोग म्हणून मी गंधक मारत बसलो होतो, दोन वर्षं. तो रोग नाही. पानावरच्या बारीक ग्रंथींतून झाड स्वतःच खडूसारखा क्षार बाहेर टाकतं. बोटानं पुसलं की जातो, आणि खाली पान अगदी ठणठणीत. माझं गंधक वाया गेलं, झाडाला काही फरक पडला नाही.

आणि मुळाचा रस अंगाला लागू देऊ नका, फोड येतात. पांढऱ्या फुलांचा चित्रक आयुर्वेदात वापरतात तोही शुद्ध करूनच. निळा कुणी औषध म्हणून खायला जाऊ नये.

बसवणगल्ली_अज्जी (२० मे, दुपारी ४.२०)

आमच्यात, म्हणजे कन्नडात, चित्रमूल म्हणतात त्याला. मराठीत चित्रक म्हणजे तेच की. विष्णुक्रांतला मात्र आमच्यात पण विष्णुक्रांतीच. एका बाजूला तुमचं घर, दुसऱ्या बाजूला आमचं, मध्ये कुंपणावर एकच वेल.

मृगकिडा (२० मे, दुपारी ४.३५)

अज्जी, कुंपण कुठल्या राज्यात येतं ते आधी ठरवूया.

व्यवस्थापक (२० मे, दुपारी ४.४०)

सीमाप्रश्न या धाग्यावर नको. त्याला वेगळा धागा आहे, १,१४० प्रतिसाद झालेत आणि अजून सुटलेला नाही. झाडांवर बोला.

कुंदा_आणि_कुंडी (२१ मे, सकाळी ८.००)

झाडांवर: जांभळी कोरांटी कुणी घेतलीच नाही! पाऊस सरला की थंडीपर्यंत फुलते, मातीचं काही म्हणणं नाही, फांदी खोचली की लागते. गजऱ्यात अबोलीबरोबर काय दिसते.

तिसरं_गेट (२१ मे, सकाळी ८.२५)

ती जांभळी. मला निळं पाहिजे.

कुंदा_आणि_कुंडी (२१ मे, सकाळी ८.३०)

मोबाइलवर फोटो काढा, निळी दिसते.

अथणीची_लेक (२१ मे, रात्री ८.४५)

काका, तुम्ही सी होलीसाठी फ्रिज अडवला म्हणून सांगते. आमच्या माळावर उटकटारा उगवतो, बघितलाय काय? काटेरी पानं, वर गोल काटेरी चेंडू, फिकट, किंचित निळसर. बैलाच्या पायात गेला की लंगडतं. परवा परदेशातल्या एका बागेचा व्हिडिओ बघत होते, त्यात बाई कौतुकानं दाखवतेय, निळे गोल चेंडू, काटेरी. म्हटलं हा आमचाच की! तिकडं त्याच कुळातला जास्त निळा प्रकार मुद्दाम लावतात. आमचे बाबा त्याला आयुष्यभर कुदळीनं खणत आले. दाखवला त्यांना व्हिडिओ. काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "पाठव म्हणावं त्यांना ट्रक भरून."

चोर्ल्याचं_धुकं (२१ मे, रात्री ९.१०)

😂 लीड्सला बी पाठवा काका. परतफेड.

तिसरं_गेट (२२ मे, सकाळी ७.००)

ठरलं. मागे तीन प्लंबॅगो, पुढं विष्णुक्रांत, जाळीवर गोकर्ण. आता मुरमाचं काय करू? एक जण म्हणतोय सगळा काढून टाका, दोन ट्रॉली काळी माती भरा.

खानापुरी_पाऊस (२२ मे, सकाळी ७.५०)

अजिबात नको! मुरूम म्हणजे फुकटात मिळालेला निचरा आहे. त्यावर काळी माती टाकलीत तर पावसाळ्यात भिंतीलगत डबकं. तसंच ठेवा. दीड फुटाचा खड्डा, निघालेल्यातच तिसरा हिस्सा कुजलेलं शेणखत, थोडी लाल माती. त्याहून जास्त खत नको, नुसती पानं माजतात. रोप जमिनीच्या पातळीपेक्षा बोटभर वर बसवा आणि माती भिंतीकडून बाहेर उतरती करा, म्हणजे पाणी भिंतीत मुरणार नाही. दोन प्लंबॅगोंत तीन फूट तरी सोडा. आता खड्डे करून ठेवा, मृग बरसला की लावा. पहिला पावसाळा गेल्यावर पुढची थंडी आणि उन्हाळा मात्र आठवड्याला एकदा पाणी लागेल. 'पाणी लागत नाही' हे दुसऱ्या वर्षापासून.

निपाणीकर (२२ मे, सकाळी ८.१५)

उन्हाळ्यात बुडाशी उसाचं पाचट पसरा. आपल्याकडं त्याला काय तोटा?

शहापूरची_सून (२२ मे, सकाळी ९.००)

पसरा, खरं खोडाला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. आणि जूनच्या आधी काढून घ्या. मी काढलं नव्हतं, वाळवी लागली. रोपं विकत घेऊ नका काका, जून लागला की माझ्याकडून फांद्या न्या. वीतभर लांब, ना कोवळी ना जून, अशी फांदी, खालची पानं काढून वाळू-मातीत सावलीला खोचायची. महिन्याभरात मुळं धरते. दहातल्या सात-आठ लागतात.

तिसरं_गेट (१६ नोव्हेंबर, सकाळी ८.२०)

धागा वर काढतोय. हिशेब द्यायचा राहिला होता.

शहापूरच्या ताईंकडून जूनमध्ये बारा फांद्या आणल्या, नऊ लागल्या. तीन ऑगस्टमध्ये उघडीप बघून पट्टीत लावल्या, बाकीच्या गल्लीत वाटल्या. विष्णुक्रांताची सहा रोपं लावली होती, चार राहिली. जी दोन गेली ती पट्टीच्या पूर्व टोकाला, गच्चीच्या पन्हाळीचं पाणी पडतं तिथं. पन्हाळ वळवायचं मला आधी सुचायला पाहिजे होतं. गोकर्ण जाळी सोडून विजेच्या मीटरवर गेलाय.

प्लंबॅगोला दिवाळीच्या आधी पहिला झुपका आला. त्यात एक गोष्ट बघितली. कळ्यांवर बारीक हिरवट अळी होती, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि तिच्याभोवती मुंग्या. नीमतेल आणायला उठलो होतो, मग थांबलो. पंधरा दिवसांनी त्याच झुडपावर नखाएवढी फुलपाखरं, पंखाच्या खाली झेब्र्यासारखे पट्टे.

खानापुरी_पाऊस (१६ नोव्हेंबर, सकाळी ८.५०)

झेब्रा ब्लू. त्याची अळी चित्रकावर वाढते. थांबलात ते बरं केलंत, चार कळ्या खाईल, झाडाला काही होत नाही.

तिसरं_गेट (१६ नोव्हेंबर, सकाळी ९.१५)

लेकीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. म्हणाली, बाबा, हे इथं नर्सरीत कुंडीत मिळतं, चांगलं महाग. खरं थंडी पडायच्या आत उचलून घरात घ्यायला लागतं, बाहेर ठेवलं तर गारठ्यानं मरतं. "हार्डी नाही ते," म्हणाली.

मी विचारलं, तुझी ती सी होली कशी आहे? म्हणाली, मस्त, परवा बर्फ पडला तरी उभी आहे.

अथणीची_लेक (१६ नोव्हेंबर, सकाळी ९.४०)

आता तिला उटकटाऱ्याचं सांगितलं की नाही?

तिसरं_गेट (१६ नोव्हेंबर, सकाळी ९.४५)

सांगितलं. बी पाठवू का विचारलं. आधी फ्रिज रिकामा करते म्हणाली.

निपाणीकर (१६ नोव्हेंबर, सकाळी १०.०५)

काका, मेच्या शेवटी छाटाल तेव्हा काड्या टाकू नका. आमच्या ऑफिससमोर मोकळी जागा आहे, निदान तिथं तरी दिवसा निळं बघायला मिळेल. पिशवी घेऊन येतो.